मुली हरवून येणाऱ्या मावशी

पुतणीला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तिच्याआधी तिचं सामान येऊन पोचलं. ते पाहून माझ्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं, शहराविषयीचं मत मला न विचारता कळलं. सामानात दोन कुलपं होती. त्यांच्या किल्ल्या ठेवायला एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीला तिसरं कुलूप होतं. एक टॉर्च होता, एक शिट्टी होती, आणि भाजणं, कापणं, मुरगळणं यांची वेगवेगळी मलमं होती. सगळ्यांत खाली, चादरीत गुंडाळलेली, दादाच्या स्वतःच्या लाकडाच्या वखारीत तासलेली जाडजूड दांडी होती. ती खोलीच्या दाराला आतून आडवी लावायची.

"आणि आत आग लागली तर?" मी विचारलं.

"शिट्टी वाजवायची," सामान सोडायला आलेला दादा म्हणाला. माणूस सगळ्याचा विचार करून आला होता.

पुतणी अभ्यासात हुशार. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं आणि ते गावच्या कॉलेजात नव्हतं. गावात दगड भरपूर होते, पण त्यांच्याविषयी सांगणारं कुणी नव्हतं. अडचण एवढीच होती की अनोळखी माणूस समोर आला की पोरीचा आवाज घशातच मुक्काम ठोकायचा. दुकानात गेली की हवी ती वस्तू बोटानं दाखवायची. दुकानदारानं चुकून शेजारची दिली तर तीच घेऊन निमूट घरी यायची. दादाच्या घरी अशा रीतीनं पेन्सिलींऐवजी मेणबत्त्यांचा बराच साठा झाला होता.

म्हणून दादानं अट घातली. महिनाभर पोरगी शहरात राहील. महिन्यानं तो स्वतः येईल. तोवर ती एकटी हिंडू-फिरू लागली असेल तर ठीक. नाहीतर सामान उचलायचं आणि परत. दगडांचं काय ते पुढचं पुढे बघू.

माझं घर म्हणजे दीड खोली. त्यातल्या अर्ध्या खोलीत मी असतो. तेव्हा आमच्या हिनं पुतणीला एक्स्चेंजमावशींकडे ठेवायचं ठरवलं.

एक्स्चेंजमावशींना शहराच्या त्या भागात सगळे याच नावानं ओळखतात. तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र, समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत वायरी. या भोकातली वायर त्या भोकात घातली की शहराचं एक टोक दुसऱ्या टोकाशी बोलायला लागायचं. बारशापासून मयतापर्यंत सगळ्या बातम्या त्यांच्या बोटांखालून गेल्या. आजही त्यांच्या जिन्याखाली काळा, वजनदार, तबकडीचा फोन आहे. तो वाजला की कितीही लांब असल्या तरी त्या दुसऱ्या घंटेला येऊन उचलतात आणि म्हणतात, "बोला, कुठे जोडू?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी वाक्य बदललेलं नाही. मोबाईल त्यांनी घेतला नाही. फोननं माणसाच्या मागे मागे फिरायचं ही कल्पनाच त्यांना पटत नाही. फोनपाशी माणसानं बसायचं असतं.

त्यांचा आवाज ऐकला पाहिजे. गोड वगैरे नाही. त्या आवाजानं "थांबा" म्हटलं की माणूस एक पाय उचललेला तसाच ठेवून थांबतो.

वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्या कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलींना देतात. पुतणीला सोडायला गेलो त्या दिवशी त्यांनी तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि स्वतः अंडी उकडत शहरात राहायच्या सूचना सांगितल्या. मी दारात उभा राहून ऐकत होतो. इतकी वर्षं या शहरात काढून यातलं एकही मला कुणी सांगितलं नव्हतं.

कपडे रविवारी धुवायचे नाहीत. रविवारी सगळं शहर कपडे धुतं, नळाला जोर नसतो आणि दोरीवर जागा नसते. बुधवारी धुवायचे. खोलीची किल्ली पिशवीत ठेवायची नाही, अंगावर ठेवायची, कारण पिशवी राहते कुठेतरी, अंग बरोबर येतं. औषधाच्या दुकानदाराशी ओळख धडधाकट असताना करून घ्यायची. तापात ओळखी होत नाहीत. घरून फोन आला आणि जेवण झालं नसेल तर 'जेवले' म्हणायचं नाही. उपाशी माणसाचा आवाज मागच्या बाजूनं पोकळ येतो, आणि तो आईला कळतो. हे शेवटचं मावशींनी अशा खात्रीनं सांगितलं की मी त्या दिवसापासून ऑफिसातून घरी फोन करण्याआधी काहीतरी खाऊन घेतो.

मग लिंबाची सूचना. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला खोलीत बसायचं नाही. घरची आठवण नेमकी त्याच वेळेला जिना चढून वर येते. तिला खोलीत कुणी सापडता कामा नये. खाली उतरायचं, कोपऱ्यावरून एक लिंबू आणायचं, आणि लिंबू देणाऱ्याशी दोन वाक्यं बोलून यायचं. बस. पहिल्या महिन्यात मावशींच्या वरच्या खिडक्यांत लिंबांच्या राशी लागतात. राशीच्या उंचीवरून मावशी समजतात, कोणत्या मुलीला घर किती आठवतंय.

"आणि रस्ता चुकलीस तर चालणाऱ्याला विचारू नको," मावशींनी अंडं सोलत सांगितलं. "चालणाऱ्याला स्वतःला कुठेतरी पोचायचं असतं. बसलेल्याला विचार. तो पोचलेला असतो."

पुतणीनं मान हलवली. मान हलवण्यात ती पहिल्यापासून पटाईत.

यानंतर मावशींनी हरवण्याच्या रविवाराविषयी सांगितलं आणि मी दारातून आत आलो. त्यांच्या घरचा हा जुना रिवाज होता. नव्या मुलीला महिना होत आला की एका रविवारी दुपारी मावशी तिला बसनं शहराच्या पार शेवटच्या थांब्यावर घेऊन जातात. तिथे पाण्याची उंच टाकी आहे. टाकीखाली मुलीचा मोबाईल मावशी स्वतःजवळच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद करतात, डबा पिशवीत घालतात आणि म्हणतात, "घरी ये." टॅक्सी करायची नाही. विचारत विचारत यायचं. मावशी समोरच्या दुकानात चहा घेतात आणि नेहमीची बस पकडून मुलीच्या आधी घरी येऊन काळ्या फोनपाशी बसतात. फारच अडलं तर मुलीनं कुठल्याही दुकानातून फोन करायचा. अशा किती मुली त्यांनी हरवल्या असतील देव जाणे, आणि सगळ्या सापडल्या. काहींना तर आता स्वतःच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत आणि त्याही मावशींकडे हरवून घ्यायला येतात.

आता योगायोग असा की, पुतणीच्या हरवण्याचा रविवार आणि दादाच्या येण्याचा रविवार एकच निघाला. मी मावशींना म्हटलं, पुढच्या आठवड्यावर ढकलू या. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाला तेच बघायचंय ना? बघू देत की.

पुतणीच्या खिडकीतली लिंबं तेव्हा तावदानाच्या मध्यापर्यंत आली होती. लिंबू आणताना ती बोलते का, असं मी कोपऱ्यावरच्या लिंबूवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "बोट दाखवते. पण हसून दाखवते." प्रगती होती, पण दादाला दाखवण्यासारखी नव्हती.

त्या रविवारी दादा ठरल्यापेक्षा लवकर येऊन थडकला. मावशींच्या दाराला कुलूप. मी पायरीवर बसलेलो. पोरगी कुठाय, असं त्यानं विचारलं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं की मावशी तिला हरवायला घेऊन गेल्यात.

दादानं पिशवी खाली ठेवली. माझ्या लहानपणी झाडावरून मी पडलो तेव्हा त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं होतं तसंच पाहिलं. मग तो मोबाईल काढून पोरीला फोन लावत राहिला. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. मी डब्याचं सांगितलं. तरी तो लावतच राहिला. मध्येच आम्हाला ऐकू आलं, कुलपामागे, जिन्याखाली, मावशींचा काळा फोन वाजतोय. वाजला, वाजला आणि बंद झाला. तो फोन असा वाजून बंद झालेला त्या घरानं कधी ऐकला नसावा.  मावशी अजून पोचल्या नव्हत्या. मग पोरीचा फोन उचलायला कोण होतं?

उन्हं कलली. दादा उठून सामान आवरायची भाषा करू लागला. वर जायची सोय नव्हती म्हणून नुसती भाषाच. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पुतणी दिसली. केस विस्कटलेले, बुटांवर धूळ, हातात एक घडी केलेलं वर्तमानपत्र. ती चालत आली ती सरळ दादासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आले," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. बोलून बोलून बसलेला! आमच्या घराण्यात तिच्या बाबतीत ही घटना पहिलीच.

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. अट पुरी झाली होती, गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण पुतणीनं कुलपाकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी कुठायत? मी बाजारातून फोन केला होता, निम्म्यावर आले म्हणून सांगायला. उचलला नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मावशींनी तिच्याआधी पोचायला हवं होतं. मावशींकडे मोबाईल नाही. जो होता तो डब्यात, आणि तो डबा न उघडण्याचा नियम मावशींचाच.

दादा म्हणाला पोलिसांकडे जाऊ. मी म्हणालो थोडा वेळ वाट पाहू. पुतणी म्हणाली, "मी आले तो रस्ता मला माहीत आहे. मी बघून येते." दादा म्हणाला, आत्ताच तर आलीस, पुन्हा चुकशील. ती तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती. मग आम्ही दोघं भाऊ तिच्या मागून निघालो, पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या पोरांसारखे.

त्यानंतर मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मी या शहरात अर्धं आयुष्य काढलं, म्हणजे खरं तर घर, ऑफिस आणि त्यांना जोडणारा एक रस्ता यांत काढलं. बाकीचं शहर मला भिंतीवरच्या चित्रासारखं होतं. त्या संध्याकाळी ते चित्र बोलायला लागलं.

चौकात वर्तमानपत्रं विकणारी बाई गठ्ठ्यावर बसली होती. पुतणीला बघून म्हणाली, "काय गं, परत हरवलीस?"

"मी नाही. मावशी हरवल्यात. राखाडी स्वेटर, हातात कापडी पिशवी."

इकडे नाही आल्या, असं ती म्हणाली, आणि बसचा नंबर न विचारताच सांगितला. बाजारात उतरलो. तिथला किल्ल्या बनवणारा कानस खाली ठेवून उभा राहिला. त्यानं दुपारी पुतणीला फोन करू दिला होता. त्यानं शेजारच्या शिलाईवालीला हाक मारली, शिलाईवालीनं मशीनवरून मान न उचलता समोरच्या फळवाल्याला, आणि फळवाल्यानं आणखी पलीकडे कुणाला तरी. राखाडी स्वेटर, कापडी पिशवी, असं त्या बाजारातून एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे जात राहिलं आणि तसंच फिरून परत आलं: नाही, इकडे नाही आल्या. एका वायरीतून दुसऱ्या वायरीत. ऑपरेटरच्या जागी आमची पोरगी उभी होती.

दादा माझ्या कानाशी म्हणाला, "हे सगळे हिला ओळखतात?"

"दुपारपासून," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार.

शेवटच्या थांब्यावर टाकीची सावली पार रस्त्यापलीकडे गेली होती. टाकीखाली एक पंक्चरवाला बसतो. पुतणीनं दुपारी सगळ्यांत आधी त्याला विचारलं होतं. तिचा आवाज तेव्हा फुटतच नव्हता. त्यानं हवेचा पंप बंद केला, हात पुसले आणि ती बोलेपर्यंत नुसता थांबला. आम्हाला पाहून त्यानं पुन्हा पंप बंद केला.

मावशी ना? त्या काय समोर, जुन्या थांब्यावर. दुपारपासून बसल्यात. रस्ता खणल्यापासून परतीची बस तिथे थांबतच नाही, तिचा थांबा कोपऱ्यापलीकडे गेला. म्हणून सांगायलाच तो गेला होता.

"मग सांगितलं नाहीस?" दादा म्हणाला.

"मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, बोला, कुठे जायचंय? त्या आवाजात!" पंक्चरवाला ओशाळला. "मी म्हटलं, कुठे नाही, इथेच असतो. आणि परत आलो."

खणलेल्या मातीच्या ढिगाऱ्यामागे जुन्या थांब्याचं छप्पर उभं होतं. त्याखाली बाकावर मावशी ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवरच्या पत्र्याच्या डब्यावर. आम्ही जवळ गेलो तशी डब्यातून बारीक घंटा ऐकू आली. दादाच्या खिशात दाबला गेलेला मोबाईल अजून फोन लावत होता.

पुतणीला बघून त्या म्हणाल्या, "पोचलीस का नाहीस अजून?"

"पोचून परत आले," पुतणी म्हणाली.

मावशींनी डब्याकडे बोट केलं. "हा दुपारभर वाजतोय. अख्ख्या आयुष्यात वाजणारी घंटा मी सोडलेली नाही. आज सोडली. उघडायचा नाही असं तुला कबूल केलं होतं."

दादानं खिशात हात घालून मोबाईल बंद केला. घंटा थांबली. इतका शरमलेला मी त्याला पाहिला नव्हता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी बस कमी, म्हणून मावशी आधी थांबल्या. मग गुडघे धरले. मग तीन-चार माणसं येऊन त्यांनाच रस्ता विचारून गेली. "बसलेली होते ना," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळ्यांना नीट सांगितलं. दवाखाना, गोदाम, नवी वसाहत, सगळं त्यांना ठाऊक, या भागातले फोन वर्षानुवर्षं त्यांनीच जोडले होते. फक्त स्वतःची बस कुठे थांबते ते माहीत नव्हतं.

"मग विचारायचं ना कुणाला तरी," मी म्हणून गेलो.

  मावशींनी पुतणीकडे बघत सांगितलं, "मी तुझ्याएवढी असताना इथे आले. खोलीपासून एक्स्चेंजपर्यंतचा रस्ता तेवढा माहीत. एकदा चुकले. चौकात उभी राहून रडले, पण तोंडातून शब्द निघाला नाही. एका बाईनं हाताला धरून घरी सोडलं. मग पुन्हा कधी चुकलेच नाही, कारण ठरलेली बस आणि ठरलेला रस्ता सोडून गेलेच नाही. विचारणारे नेहमी तारेच्या त्या टोकाला. मी कधी कुणाला काही विचारलेलंच नाही गं."

इतक्या मुलींना विचारायला शिकवणाऱ्या या बाईनं स्वतः जन्मात रस्ता विचारला नव्हता. मला काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही. देवळाच्या कळसाकडे बघताना टोपी मागे पडते तसं काहीसं झालं. स्वतःकडे नाही ते त्यांनी किती जणींना देऊन टाकलं होतं!

पुतणीनं डबा त्यांच्या हातातून घेतला. त्यांच्या कोपराला धरून त्यांना उठवलं आणि रस्त्यापलीकडे नेलं. आम्हाला वाटलं, आता सरळ थांब्यावर नेईल. ती पंक्चरवाल्यापाशी थांबली आणि चार पावलं मागे सरली.

"विचारा, मावशी," ती म्हणाली. "मी आहे इथे."

पंक्चरवाल्यानं पंप बंद केला, हात पुसले आणि थांबला. मावशींनी स्वेटरचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ज्या आवाजानं शहर जाग्यावर थांबायचं तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. जो आला तो एका नव्यानं आलेल्या मुलीचा होता.

"भाऊ, बाजाराकडे जाणारी बस... कुठे थांबते?"

पंक्चरवाला उठून उभा राहिला, आणि कोपरा समोरच दिसत असूनही त्यानं तो हातानं, बोटानं, मानेनं, सगळ्या अंगानं दाखवला. चहाच्या दुकानातून एक जण ओरडून म्हणाला, डावीकडून जा, चिखल कमी आहे. वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, बस आत्ताच येईल. मावशी एकेकाकडे मान वळवून ऐकत होत्या. आयुष्यभर तारेतून ऐकलेल्या आवाजांना पहिल्यांदाच तोंडं दिसत होती. दादानं टोपी काढून हातात घेतली. का घेतली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. मावशींनी कुलूप उघडलं आणि थेट काळ्या फोनपाशी जाऊन त्याच्यावर हात ठेवला, रडून झोपलेल्या मुलावर ठेवतात तसा. पुतणी दादाला खोली दाखवायला वर घेऊन गेली. तो खिडकीपाशी उभा राहून लिंबांची रास बघत राहिला. ती कशासाठी, ते पुतणीनं त्याला सांगितलं.  निघताना त्यानं कोपऱ्यातली दाराची दांडी उचलली आणि काखेत मारली.

"ही घेऊन जातो," तो म्हणाला. "इथे अडगळ होते."

दाराबाहेरच्या पायरीवर तो घुटमळला. गाडीला अजून वेळ होता. बाहेर उजेड जात चालला होता आणि वरच्या खिडकीत पोरीनं दिवा लावला होता. त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वर.

"अगं," त्यानं हाक दिली, "ते लिंबू कुठे मिळतं म्हणालीस?"

वरून पुतणीचा बसका, खडबडीत आवाज आला. "विचारा की, बाबा."

दादा गल्लीत उतरला. दोन माणसं झपाझप चालत गेली, त्यांना त्यानं जाऊ दिलं. मग काखेतली दांडी सावरत तो भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या चांभारापाशी गेला आणि खाली वाकला.